कान मोकळा ठेवा

हल्ली लेखकाची मुलाखत घ्यायची म्हटली की एक प्रश्न हमखास ठरलेला. पूर्वी विचारीत, "तुम्ही का लिहिता?" आता विचारतात, "लिहिताना तुम्ही काय ऐकता?" आणि उत्तर देणाराही अडखळत नाही. प्रेमकथेला पियानो, खुनाच्या कथेला ढोल, गावाकडच्या कथेला बासरी, अशी यादी तो घडाघडा म्हणून दाखवतो. वाण्याकडे दिवाळीची यादी द्यावी तशी : शेरभर करुण, पावशेर शृंगार, आणि उरल्या पैशांचे गूढ! मोबाइलवर तर 'लिहिण्यासाठी संगीत' म्हणून तासन्‌तास वाजणाऱ्या माळाच तयार मिळतात. कापसाच्या बोंडाएवढी दोन यंत्रे कानांत खोचली की आमचा लेखक समाधीला बसला!

मी जळगाव जिल्ह्यातली एक शाळामास्तरीण. मॅट्रिकच्या पुढची पायरी मी चढले नाही. दिवसा मुलांना शिकवते, रात्री कादंबऱ्या लिहिते. विद्वत्तेचा अधिकार मजपाशी नाही. पण कान आहे, आणि त्या कानाच्या बाजूने भांडायला मी आज उभी आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना ते पटायचे नाही त्यांना पान उलटून सरळ शंकरपाळ्यांकडे वळता येईल. कथा-कादंबरी लिहिताना कानात गाणे असू नये. मग कोणते गाणे निवडावे हा वाद उरतच नाही.

बाईला संगीताचे वावडे आहे, असे मात्र कुणी समजू नये. संगीताची कदर आहे म्हणूनच मी हे म्हणते. किशोरी आमोणकरांच्या मैफलीत कुणी कुजबुजले तर त्या खपवून घेत नसत, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्याच किशोरीताईंचा राग आपण 'मागे' लावायचा आणि पुढे आपल्या नायिकेला बसस्टँडवर उभी करायची, हा कुठला शिष्टाचार? १९५२ पासून रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागे. आमच्या वडीलमंडळींच्या तोंडून ऐकले आहे, बुधवारी रात्री आठ वाजले की हातातले काम हातात राही. ती सिनेमाचीच गाणी, काही कुणी अभिजात म्हणावीत अशी सगळीच नव्हती; पण त्यांना समोर बसून ऐकणारी माणसे होती. गाणे ही ऐकण्याची गोष्ट आहे. ती भिंतीला लावायच्या रंगासारखी वापरायची गोष्ट कधी झाली?

त्याचाही इतिहास आहे, आणि तो गमतीचा आहे. एरिक साती नावाचा एक फ्रेंच संगीतकार होऊन गेला. १९१७ च्या सुमारास त्याच्या डोक्यात आले की खुर्ची-टेबलासारखे नुसते खोलीत असणारे, कुणी मुद्दाम न ऐकणारे संगीत असावे. त्याला त्याने नावही दिले, घरसामानाचे संगीत! १९२० साली पॅरिसमध्ये एका नाटकाच्या मध्यंतरात त्याने ते वाजवून पाहिले. सुरावट सुरू होताच बाहेर निघालेले प्रेक्षक परत येऊन जागेवर बसले आणि मुकाट्याने ऐकू लागले. बिचारा साती धावत फिरला : बोला, हिंडा, ऐकू नका! कुणी मानले नाही. मला त्या पॅरिसकरांचा अभिमान वाटतो. कानावर सूर पडला तर माणूस ऐकणारच; कान काही डोळ्यांसारखा मिटता येत नाही.

कलावंताचा हा प्रयोग फसला, पण कारखानदाराने तो उचलला. अमेरिकेत १९३४ साली म्युझॅक नावाची कंपनी निघाली. तारेवरून ती हॉटेलांना, कचेऱ्यांना, कारखान्यांना संगीत पुरवी. तिने हिशेब बसवला होता : पाव तास संगीत, त्यात हळूहळू वाढत जाणारा वेग, आणि मग पाव तास शांतता. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, इंग्लंडच्या बी. बी. सी.ने दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगारांसाठी रोज अर्ध्या अर्ध्या तासाचे दोन कार्यक्रम सुरू केले. नावच मुळी 'काम करता करता संगीत'. पुढे टेक्सास प्रांतावरच्या एका लोकप्रिय गाण्यावर तिथे बंदी आली. का? तर त्यात मध्येच टाळ्या येत, आणि कामगार हातातली हत्यारे आपटून त्या टाळ्यांना साथ देत!

आता विचार करा. यंत्रावरच्या कामगाराचे हात गुंतलेले असतात आणि मन रिकामे असते. तेच काम दिवसातून हजार वेळा करायचे. त्या कंटाळलेल्या मनाला सूर पाजला तर हात थांबत नाहीत. पार्श्वसंगीताचा हा धंदा जगभर वाढला तो या हिशेबावर. लेखकाचे नेमके उलटे. त्याचा हात जवळजवळ रिकामाच असतो, आणि मन मात्र पंचवीस माणसांच्या बोलण्याने भरलेले. कारखान्याचे औषध त्याने का घ्यावे? आणि घ्यायचेच तर म्युझॅककडून एवढे तरी शिकावे की पाव तासाला पाव तास शांतता लागते. आमच्या तरुण मित्रांना तेवढीही नको.

गेल्या वर्षी धुळ्याहून एक हुशार तरुण आपली कथा घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "बाई, वाचून दाखवतो, पण आधी हे लावतो. मी लिहिली तेव्हा हेच चालू होतं." त्याने मोबाइलवर एक व्हायोलिनची सुरावट लावली आणि वाचू लागला. आजी मरते, नातू उशिरा पोचतो, बाहेर पाऊस. वाचता वाचता त्याचा गळा दाटून आला. खोटे कशाला बोलू, माझाही आला. मग मी म्हटले, "आता ते बंद कर आणि शेवटचं पान पुन्हा वाच." त्याने वाचले. 'त्याच्या डोळ्यांत पाणी आले. बाहेर पाऊस पडत होता.' एवढेच होते पानावर. आजी कोणत्या खाटेवर होती, तिच्या उशाशी काय होते, नातवाला पाहून शेजारीण काय बोलली, काही नाही. जे रडू होते ते व्हायोलिनमध्ये होते. कागद कोरडा होता.

माझ्या साऱ्या तक्रारीचा गाभा हा आहे. लिहिणाऱ्याच्या कानात करुण सूर चालू असला की त्याला आपले वाक्य करुण वाटू लागते. वाक्याने जे काम करायचे ते सुराने परस्पर करून टाकलेले असते, आणि लेखक ते आपल्या खात्यावर जमा करतो. वाचकाच्या हाती मात्र अंक येतो, व्हायोलिन येत नाही. भाजी चाखताना जिभेवर आधीच लोणचे ठेवले, तर मीठ पडले की नाही हे कळणार कसे?

"पण सिनेमात नाही का पार्श्वसंगीत?" असे कुणी विचारील. असते की! पण केव्हा घालतात? चित्रे घेऊन झाली, कापाकापी झाली, की मग संगीतकाराला बोलावून पडद्यावर ते दाखवतात. नट रडतो तेव्हा त्याच्या मागे व्हायोलिन वाजत नसते. ते नंतर येते, आणि येते ते प्रेक्षकासाठी. आमचे लेखक पार्श्वसंगीत आधी लावतात आणि ते ऐकतात स्वतःच. आमच्या अमळनेरच्या शाळेत शिकवून गेलेल्या साने गुरुजींचे उदाहरण घ्या. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. आचार्य अत्र्यांनी तिचा चित्रपट केला १९५३ साली आणि त्याला वसंत देसायांनी संगीत दिले. देसायांचे सूर गोडच; पण त्यांच्या कितीतरी आधीपासून घरोघरच्या आया ते पुस्तक वाचून पदर डोळ्यांना लावीत होत्या. तुरुंगातल्या त्या कागदांवर एकही सूर नव्हता, आणि कशाची उणीवही नव्हती.

बरे, हे माझ्या एकटीचे वेड असेल म्हणावे, तर शास्त्रज्ञही जवळपास हेच सांगतात. १९७६ साली कॉल आणि वेल्श या दोघा अमेरिकन संशोधकांनी विद्यार्थ्यांना डोळ्यांनी अक्षरांच्या रांगा दाखवल्या आणि त्या लक्षात ठेवायला सांगितल्या. कानावर त्या वेळी जर्मन भाषेतले वाचन चालू होते. मुलांना जर्मन येत नव्हते. तरी त्यांच्या चुका वाढल्या. १९८९ साली सलामे आणि बॅडली यांनी संगीताबाबत तोच प्रकार तपासला. वाद्यांपेक्षा शब्दांचे गाणे जास्त नडते, असे त्यांना दिसले. कारण साधे आहे. आपण वाचतो-लिहितो ते मनातल्या मनात बोलत. त्या आतल्या बोलण्याला जी खोली लागते, तिच्यातच बाहेरचा आवाज न विचारता येऊन बसतो. २००१ मध्ये रॅन्सडेल आणि गिलरॉय या दोघांनी विद्यार्थ्यांना संगणकावर निबंध लिहायला लावले. मागे संगीत असता, मग ते शब्दांचे असो की नुसत्या वाद्यांचे, लिहिण्याचा वेग मंदावला. निबंध म्हणजे कादंबरी नव्हे, हे मला मान्य आहे. पण ज्या ओझ्याने निबंध लंगडतो ते ओझे घेऊन कादंबरी धावेल, हे कुणी सांगावे?

आणि ते मोझार्टचे प्रकरण! १९९३ साली एका प्रयोगात मोझार्ट दहा मिनिटे ऐकलेल्या विद्यार्थ्यांना आकृत्यांची कोडी थोडा वेळ जरा बरी सुटली. झाले! तेवढ्यावरून गाण्याने बुद्धी वाढते अशी आवई उठली. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरसाहेबांनी १९९८ साली प्रत्येक नवजात बाळाला संगीताची तबकडी देण्यासाठी सरकारी पैसा मागितला. त्या मुलांनी कोडी ऐकण्याच्या नंतर सोडवली होती, ऐकता ऐकता नव्हे, हे कुणी पाहिलेच नाही.

आता समोरच्या बाजूचे मोठे मोहरे. अमेरिकेचा स्टीफन किंग दणदणीत रॉक संगीत लावून लिहितो, असे त्याने स्वतःच लिहिले आहे. पण त्याने कारणही दिले आहे : ते संगीत म्हणजे त्याला दार लावून घेण्याचा एक मार्ग. म्हणजे तो गाणे ऐकत नाही, गाण्याने जगाला बाहेर ठेवतो. जपानचा मुराकामी तरुणपणी टोकियोत जॅझचा बार चालवीत होता, आणि आपण लयीचे धडे संगीतापासून घेतले असे तो सांगतो. मला हे अगदी पटते! वर्षानुवर्षे मन लावून ऐकलेले संगीत त्याच्या हाडांत उतरले आणि मग वाक्यात आले. लिहिण्याच्या आधी पोटभर ऐका असेच हे दोघे सांगतात, किंवा दार लावा असे सांगतात. नायिकेच्या दुःखासाठी दुःखी गाणे शोधा, असे त्यांतला कुणी सांगत नाही.

पण मला खरी अडचणीत आणते ती आमचीच बाई. कुणी म्हणेल, "बहिणाबाईंचे काय? जात्याच्या घरघरीवर तर त्यांनी गाणी रचली!" बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या आसोद्याच्या, जन्म १८८०. अक्षरओळख नाही. जात्यावर, शेतात, चुलीपाशी त्या बोलत गेल्या; मुलगा सोपानदेव आणि घरच्या मंडळींनी ते टिपले. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी छापून आली. आज जळगावचे विद्यापीठ त्या निरक्षर बाईचे नाव लावते. तेव्हा त्यांचा दाखला दिला की मला उठून उभे राहिलेच पाहिजे.

उभी राहते आणि सांगते. जाते वाजत होते खरे, पण ते बहिणाबाईंच्या हाताने वाजत होते. खुंटा त्या ओढीत, दम त्यांचा लागे, आणि ओवीची ओळ त्या दमाएवढीच लांब असे. ती लय त्यांनी निवडली नव्हती. ती दळणातून आली होती. दळता दळता गाणे आणि दळता दळता दुसऱ्याचे गाणे ऐकणे, या दोन गोष्टी आहेत. पहिलीत मुखातून काही निघते. दुसरीत कानातून काही आत कोंबले जाते. मोबाइलची माळ हे कुणाचेच जाते नाही. तिच्याखाली पीठ पडत नाही.

आणि इथेच खानदेशातल्या लिहिणाऱ्याला मला कळकळीने काही सांगायचे आहे. आपल्याकडे धुळ्या-साक्रीची अहिराणी आहे, यावल-रावेरकडची लेवा गणबोली आहे. "काय करी ऱ्हायना रे भो?" या पाच शब्दांत शेवटाकडे जो हेल निघतो, तो कोणत्या पियानोत आहे? 'काय करतो आहेस रे?' असे लिहिले की अर्थ येतो आणि माणूस जातो. जनगणनेत अहिराणी 'खानदेशी' या नावाखाली मोजली जाते. २००१ साली ती मातृभाषा म्हणून सांगणारे वीस लाखांवर होते; २०११ साली ते साडेअठरा लाखांच्या आसपास उरले. दहा वर्षांत माणसे वाढली आणि भाषा सांगणारे घटले! जात्याची जागा पिठाच्या गिरणीने केव्हाच घेतली. आखाजीला झोक्यावर गौराईची गाणी म्हणणाऱ्या मुली कमी झाल्या. कानबाईच्या रोटांना जमणारी भाऊबंदकी अजून जमते, पण मांडवात कर्णा इतका मोठा असतो की बायकांचे गाणे बायकांनाच ऐकू येत नाही. अशा वेळी बोली टिपायला कुणी मोकळा कान घेऊन बसावे, तर तो लेखकाने. आणि त्यानेच कानात बोंडे घातली तर? मग त्याची साक्रीची म्हातारी दूरदर्शन मालिकेतल्या सासूसारखी बोलते. आम्ही असल्या कथा वाचतो आहोत, वाचकहो! सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' १९६३ साली आली ती बोलत आली; तिची वाक्ये आधी माणसांच्या तोंडी होती आणि मग कागदावर.

आता एक खरी अडचण, आणि ती मी चेष्टेवारी नेणार नाही. दोन खोल्यांचे घर. एकीकडे दूरदर्शन, दुसरीकडे पाढे. समोरच्या गल्लीत लग्नाचा बँड. शांतता ही श्रीमंतांची चीज आहे. फ्रान्सच्या मार्सेल प्रूस्तला भिंतींना बुचाचे अस्तर लावून घेता आले. आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या कडेला वही ठेवून लिहिणारीने काय करावे? मी स्वतः भांडी घासून झाल्यावरच लेखणी धरते, म्हणून हे मला ठाऊक आहे. तर अशीला पडदा लागतो हे मान्य. पण मग पडदा म्हणूनच निवडा. त्यात शब्द नसावेत, कुठल्याच भाषेतले. त्यात चढउतार नसावेत. म्हणजे तो तुमच्या प्रसंगाला रडवणार नाही की हसवणार नाही. तो रोज तोच असावा, म्हणजे चार दिवसांनी कान त्याला विसरतो. पंख्याची घरघर चालेल, पत्र्यावरचा पाऊस चालेल, फार तर एकटा तंबोरा, बारीक आवाजात. आणि लिहिलेले मोठ्याने वाचून पाहताना तोही बंद करावा. त्या घटकेपुरते तरी घरच्यांना सांगावे, "जरा थांबा रे, मला ऐकायचंय." पानावर काय उतरले ते तेव्हाच कळते.

लिहिणे आणि ऐकणे यांचे वैर आहे, असे मी म्हणत नाही. त्यांचे लग्न मीच लावून देईन, पण नवरदेव योग्य हवा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा रविवार, अठरा अध्याय. समोर कैदी बसलेले, आणि त्यांच्यात साने गुरुजी भराभर उतरवून घेणारे. 'गीताप्रवचने' हे पुस्तक त्यातून झाले आणि देशभर कितीतरी भाषांत गेले. एक माणूस बोलतो, दुसरा जिवाचा कान करून ऐकतो आणि लिहितो. धुळ्याच्या तुरुंगात याहून दुसरे काही साधन नव्हते. कादंबरीकाराचा धंदाही तोच आहे. फक्त त्याच्यापुढे बोलणारी माणसे कधी दिसतात, कधी दिसत नाहीत.

तेव्हा संपादकांना माझी विनंती. पुढच्या दिवाळीला लेखकाला "काय ऐकता?" असे विचारू नका, "कुणाचं ऐकलंत?" असे विचारा. आणि वाचकहो, तुमच्या घरी जर कुणी लिहिणारे पोर असेल, तर फराळाला आलेल्या म्हाताऱ्या मावशीजवळ त्याला बसवा. ती अनारसे का बिघडले ते सांगेल, जावेचे उणे काढील, मेलेल्या म्हशीची आठवण काढून डोळे पुसेल. पोराच्या कानातली बोंडे तेवढी आधी काढून घ्या. मावशी दुसऱ्यांदा सांगत नाही.